मागच्या चार रांगा

रामटेके ताई गेल्या त्याला दोन महिने झाले. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, मैत्रेयीचा, कायझर्सलाउटर्नहून फोन आला. ती तिथे पीएच.डी. करते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मनमधून. बाड हॉम्बुर्गला आपल्या लोकांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय, त्यासाठी छोटी पुस्तिका काढतोय, आईच्या ऑफिसमधल्या कुणीतरी लिहायला हवं, असं तिचं म्हणणं. "नुअर आइने झाइटे, मामा," म्हणाली. एकच पान. मी त्याच संध्याकाळी पान लिहून पाठवलं. ताई कष्टाळू होत्या, काटेकोर होत्या, सहकाऱ्यांना त्यांचा आधार होता, असं सगळं त्यात आहे. खोटं काही नाही. पण ते वाचून कुणालाही वाटेल की आम्ही त्यांना फुलं देऊन, टाळ्या वाजवून निरोप दिला. तसं झालं नाही. कसं झालं ते मराठीत लिहून ठेवतोय, कारण आमच्या ऑफिसात मराठी वाचणारं आता माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही.

ड्युसेलडॉर्फमधली आमची संस्था परीक्षा तयार करते. चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांची इंग्रजीची परीक्षा. अर्धा पेपर ऐकून सोडवायचा, अर्धा वाचून. शाळा संपल्यावर ज्यांना जर्मनीत येऊन इंग्रजीतून शिकायचंय, त्यांना ही पार करावी लागते, आणि ती वर्षातून एकदाच होते. म्हणजे मुलं चीनची, भाषा इंग्रजांची, कचेरी जर्मनांची आणि निकालाचं गणित तपासायला भंडारा जिल्ह्यातल्या एक बाई आणि त्यांच्या हाताखाली पुण्याचा मी. मला याची फार गंमत वाटायची. ताईंना वाटत नसे. कामाच्या बाबतीत त्यांना गंमत अशी कशाचीच वाटत नसे.

पहिल्या दिवशी, परदेशात मराठी माणूस भेटल्याच्या आनंदात मी विचारलं, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?" आम्ही पुण्याकडची माणसं हा प्रश्न किती निरागस चेहऱ्याने विचारतो, ते मला तोवर माहीत नव्हतं.

"आडनाव कळलं ना? मग झालं की," त्या म्हणाल्या. "आणि मॅडम नको, ताई म्हण. हे सोडव."

समोर एक कागद आला. रीडिंगचे दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. ज्यावर प्रश्न होते तो उतारा मात्र नव्हता.

"उतारा कुठाय?"

"नाही देणार."

मी सोडवले. सात बरोबर आले. मी फुशारून खुर्चीत मागे रेललो.

"खूश होऊ नको," ताई म्हणाल्या. "तू हुशार नाहीस, प्रश्न मठ्ठ आहेत." आणि केसात खोचलेली पेन्सिल काढून त्यांनी ते सातही प्रश्न खोडून टाकले. उतारा न वाचता ज्याचं उत्तर येतं तो प्रश्न वाचन तपासतच नाही, तो महागडे क्लास लावलेल्या पोरांना फुकट मार्क वाटतो, असं त्यांचं म्हणणं. क्लासमध्ये शिकवतात की सगळ्यात लांबलचक पर्याय बहुधा बरोबर असतो, 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' असं म्हणणारा बहुधा चूक असतो. मग गरीब पोराने उतारा वाचत बसायचं आणि श्रीमंताने युक्तीने पुढे जायचं. पुढची काही वर्षं माझी सकाळ उतारा नसलेले प्रश्न सोडवण्यात गेली. मला आले की प्रश्न बाद. प्रश्न लिहिणारे जर्मन सहकारी माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की त्यांच्या पोटावर मीच पाय देतोय.

ताई तेव्हा पंचावन्नच्या पुढे असाव्यात. ठेंगण्या, चष्मा जाड, कोटाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. पायी चालणाऱ्यांचा सिग्नल लाल असला की रस्ता पार रिकामा असला तरी उभ्या राहायच्या. मागून जर्मन माणसं येऊन, इकडेतिकडे बघून, निघून जायची. ताई तिथेच. एकदा घाईत मी हात धरून ओढायला गेलो तर खेकसल्या. "लिहिलेला नियम असला की मला बरं वाटतं. गावात आमच्यासाठी सगळे नियम तोंडी होते." दिवा हिरवा झाला, त्या चालू लागल्या, आणि पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत बटाट्याच्या भाजीवर बोलू लागल्या होत्या. असं काही बोलून गेल्या की त्या लगेच विषय बदलत. मी त्यावर काही म्हणावं अशी त्यांची अपेक्षा नसे, आणि मलाही ते सोयीचं होतं.

गोड स्वभावाच्या त्या अजिबात नव्हत्या. इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायची पद्धत आहे. मी आणलेल्या केकचे दोन तुकडे त्यांनी शांतपणे खाल्ले, तोंड पुसलं, आणि उरलेले लोक अजून खात असताना माझ्या आदल्या दिवशीच्या आकडेमोडीतल्या चुका एकेक करून वाचून दाखवल्या. ध्वनिमुद्रणासाठी येणाऱ्या एका तरुण मुलीला तर त्यांनी रडवलं होतं. ती संवाद वाचताना ज्या वाक्यात उत्तर असे तिथे किंचित हळू व्हायची. "तू बोट दाखवतेयस," असं सांगून ताईंनी एकच संवाद तिच्याकडून सहा वेळा म्हणवून घेतला. सातव्यांदा ती उठून गेली. मी म्हटलं, "ताई, जरा जास्तच झालं." तर म्हणाल्या, "तिची परीक्षा नाहीये रे. पोट्ट्यांची आहे." मुलांना त्या पोट्टे म्हणायच्या, विदर्भातल्यासारखं. तेवढा एक शब्द त्यांच्या बोलण्यात गावाकडचा राहिला होता.

पोट्ट्यांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. चीनला त्या कधीही गेल्या नाहीत. आमच्याकडे मुलांची नावंसुद्धा येत नसत, फक्त नंबर आणि मुलगा की मुलगी एवढंच. तरी त्या त्यांच्याबद्दल शेजारच्या घरातल्या मुलांसारखं बोलायच्या. बरोबर उत्तरं त्या कधी फारशी बघायच्या नाहीत. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं," म्हणायच्या, "चुकलेल्या उत्तरात पोरगं दिसतं."

एका सहकाऱ्याने लिसनिंगसाठी संवाद लिहिला होता. माणूस घरात ड्रिलने भिंतीला भोक पाडतोय, शेजारीण बेल वाजवते, दोन वाक्यं होतात, माणूस ओशाळून माफी मागतो. शेजारीण का आली होती? संवादात कुठेतरी एकदा 'आज रविवार' असं येऊन जातं. जर्मन माणसाला तेवढं पुरतं. इथे रविवारी आवाज करायला बंदी असते; त्या दिवशी भिंतीला भोक पाडणं म्हणजे काय, ते मी पहिल्याच महिन्यात घरमालकिणीच्या चिठ्ठीवरून शिकलो होतो. आम्ही हा प्रश्न आधी थोड्या चिनी मुलांना देऊन पाहिला, तर निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की शेजारणीला ड्रिल उसना हवा होता. मीटिंगमध्ये हशा पिकला. चिनी मुलांना ऐकायचंच शिकवत नाहीत, वगैरे सुरू झालं. मीसुद्धा हसलो.

ताईंनी हसणं संपू दिलं. मग म्हणाल्या, "त्यांच्या आईबापांना सुट्टी रविवारीच असते. मग भोक कधी पाडायचं? मुलांनी नीट ऐकलंय. ड्रिलचा आवाज ऐकून बाई आली, म्हणजे तिला ड्रिल हवा असणार. आमच्या वस्तीत ठोकल्याचा आवाज आला की लोक हातोडी मागायला यायचे." प्रश्न रद्द झाला. संवाद लिहिणारा सहकारी पुढे महिनाभर ताईंना गुड मॉर्निंग म्हणाला नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नसावं.

आमच्या साहेबांचं नाव हेर ओस्टहोफ. माणूस वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. सायकलवरून ऑफिसला येतो, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवतो, माझी बायको भारतातून आली तेव्हा त्याने आपल्या घरचा पाळणाही देऊ केला होता, पुढे लागेल म्हणून. परीक्षेच्या फॉर्ममध्ये ताईंनी मुलाची रांग आणि बाक लिहायचा रकाना घातला तेव्हा त्याने विचारलं, "हा कशाला, फ्राउ रामटेके?"

"असू दे," ताई म्हणाल्या. त्याचं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही जेवताना, डब्याचं झाकण उघडता उघडता. चौथीपर्यंत त्या वर्गात सगळ्यांच्या मागे, दाराशी, जमिनीवर बसायच्या. तिथेच बसायचं असं ठरलेलं होतं. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. "मास्तर म्हणायचे, ह्या पोरीला समजत नाही. समजायचं सगळं. ऐकू यायचं नाही." मी भाजी छान झालीय म्हणालो.

त्या वर्षी जूनमध्ये परीक्षा झाली आणि जुलैत निकालाची फाइल आमच्याकडे आली. तिसऱ्या दिवशी ताईंनी मला हाक मारली. त्यांच्या स्क्रीनवर चीनच्या आतल्या भागातल्या एका शाळेचे आकडे होते.

"रीडिंग बघ," म्हणाल्या.

पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत मार्क सारखेच होते.

"आता लिसनिंग बघ."

पहिल्या तीन रांगा ठीक. मग उतरण लागली होती. मागच्या चार रांगा जवळजवळ तळालाच.

"पोट्ट्यांचे कान रांगेप्रमाणे बिघडत नाहीत," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. त्यांनी एका ओळीवर पेन्सिल ठेवली. "ही एकोणचाळीस नंबर. मुलगी आहे. वाचनात एकही चूक नाही. ऐकण्यात पहिले तीन बरोबर, मग सगळं गेलं. ही नापास."

परीक्षेच्या नियमात प्रत्येक मुलाला हेडफोन असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि शाळेकडून आलेल्या अहवालात सर्व सुरळीत असं लिहिलेलं होतं. ताईंनी शाळेतल्या इंग्रजीच्या लिऊ बाईंना फोन लावला. मी शेजारी बसलो होतो. लिऊ बाई अतिशय नम्रपणे सगळं उत्तम झाल्याचं सांगत राहिल्या. ताईंनी दोष कुणाचा ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी खूप उकडत होतं का हो?" मग बाई म्हणाल्या, फारच. आधी पंखे बंद ठेवले होते, पण मुलं घामाघूम झाली, म्हणून तिसऱ्या प्रश्नानंतर लावले. पंखे मागच्या बाजूला आहेत, जुने आहेत. आणि हेडफोनचे खोके वेळेवर पोचले नव्हते, म्हणून स्टेजवर मोठा स्पीकर ठेवला होता. जाता जाता ताईंनी विचारलं, मुलांना कसं बसवलं होतं? लिऊ बाई म्हणाल्या, नेहमीसारखं, उंचीप्रमाणे. बुटकी पुढे, उंच मागे.

हे इतकं सरळ होतं. त्या मागच्या चार रांगांची परीक्षा हेडफोन देऊन पुन्हा घ्यायची, नाहीतर ती मुलं त्या वर्षी जर्मनीला मुकणार. ताईंनी दोन पानांचं टिपण लिहिलं आणि मीटिंग मागितली.

हेर ओस्टहोफने ते वाचलं होतं, पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या. आल्झो, म्हणजे हे बघा, तो म्हणाला, निकाल जाहीर करायची तारीख ठरली आहे. एका शाळेत परीक्षा पुन्हा घेतली तर बाकीच्या शाळाही विचारतील. आणि आशियातल्या शाळांमध्ये, त्याने कुठेतरी वाचलं होतं, हुशार मुलांना पुढे बसवतात. कच्ची मुलं मागेच असतात. मग त्यांचे मार्क कमी आले तर त्यात नवल काय?

ताई शांतपणेच म्हणाल्या, "कच्ची असती तर वाचनातही कच्ची असती. त्यांना उंचीप्रमाणे बसवलंय, मी विचारलंय. उंच मुलांना इंग्रजी कमी ऐकू येतं, असं रिपोर्टमध्ये लिहू का?"

कुणी हसलं नाही. हेर ओस्टहोफ माझ्याकडे वळला. आकडे माझेही होते ना. त्याने अगदी मृदू आवाजात विचारलं, बसण्याच्या जागेमागे आपल्याला माहीत नसलेलं दुसरं काही कारण असू शकेल का? शक्यता म्हणून?

माझं कंत्राट सप्टेंबरमध्ये संपत होतं. ते वाढलं नसतं तर परकीय नागरिकांच्या कचेरीत कुठला कागद घेऊन जायचं, हा प्रश्न होता. बायको नुकतीच आली होती. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असं मी म्हटलं, तर तीही एक सबबच झाली. मी म्हणालो, "म्योग्लिश." शक्य आहे. एवढाच एक शब्द. शक्य तर जगात काहीही असतं. पण इतिवृत्तात दुसऱ्या दिवशी आलं: संख्याशास्त्र विभागाच्या मते अन्य कारणांची शक्यता नाकारता येत नाही.

रिपोर्टवर आमच्या विभागाची सही लागते. ताईंनी केली नाही. "मी ह्या निकालावर सही करणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. मग रिपोर्ट माझ्याकडे आला. मी दोन दिवस ठेवला, जणू मी विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी सही केली.

त्या दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्यांनी विचारलं, "कंत्राट कधीपर्यंत आहे तुझं?"

"सप्टेंबर."

"हं," त्या म्हणाल्या. "तू माझ्या बाजूने बोलशील असं नव्हतं वाटलं मला. गप्प बसशील, एवढं वाटलं होतं."

मला वाटतं, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

निकाल लागला. ताईंनी नंतर चार ठिकाणी पत्रं लिहिली, संस्थेच्या सल्लागार मंडळाला, परीक्षा मान्य करणाऱ्या लोकांना, अशी. सगळीकडून सुरेख उत्तरं आली. आपल्या तळमळीची आम्ही कदर करतो, वगैरे. शरद ऋतूत त्यांना जुने पेपर स्कॅन करायच्या कामावर नेमलं, वेगळ्या खोलीत. काम महत्त्वाचं आहे असं हेर ओस्टहोफने सगळ्यांना मेलवर कळवलं. माझं कंत्राट वाढलं. ताई खोलीतून जाता येता दिसायच्या, मी "कसं काय ताई" म्हणायचो, त्या "बरं आहे" म्हणायच्या. एकदा मात्र कॉफीच्या मशीनपाशी एकट्याच उभ्या होत्या. मी जवळ गेल्यावर म्हणाल्या, "एकोणचाळीस नंबर आता काय करत असेल रे?" मला नाव माहीत असतं तरी मी काय सांगणार होतो? फेब्रुवारीत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. आम्ही कार्डावर सह्या केल्या होत्या. ते कार्ड माझ्या खणात आहे.

मार्चमध्ये हेर ओस्टहोफने नव्या वर्षाच्या फॉर्मसाठी बोलावलं. हेडफोनशिवाय परीक्षा घेऊ नये, हे मॅन्युअलमध्ये आता ठळक अक्षरात येणार होतं, तेवढं त्याने केलं. मग म्हणाला, रांग आणि बाकाचा तो रकाना आपण काढू या. लहान मुलांची माहिती आहे. डाटेनशुट्झ, म्हणजे माहितीचं संरक्षण. गरज नसलेली माहिती गोळा करायचीच नाही, असा कायदाच आहे. गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हणालो. फॉर्ममधून रकाना मीच काढला. माझ्या हाताने, एका क्लिकमध्ये. आता कुठल्या शाळेत कुणाला ऐकू आलं नाही, हे शोधायची सोयच उरलेली नाही, आणि कागदोपत्री आम्ही मुलांचं रक्षण केलं आहे.

त्यानंतरच्या शरद ऋतूत, दुपारच्या वेळी, बिल्कच्या ट्राम स्टॉपवर ताई दिसल्या. मी आधी ओळखलंच नाही. खूप वाळल्या होत्या, डोक्याला लोकरी टोपी कपाळापर्यंत ओढलेली. आजाराचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. इकडचं तिकडचं झालं. मैत्रेयीचं कसं चाललंय, माझी मुलगी किती महिन्यांची झाली. मग त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"यंदाची फाइल आली?"

"आली ना, जुलैतच."

"सीट नंबरचा कॉलम आहे ना त्यात?"

समोरून त्यांची ट्राम येताना दिसत होती. मला वाटलं, ती लवकर यावी.

"आहे ताई," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तो कॉलम तू काढू द्यायचा नाहीस."

ट्राम थांबली. त्या दांडीला धरून सावकाश चढल्या, खिडकीशी बसल्या आणि काचेआडून मला हात केला. मीही हात केला.